खंदकावरच्या कुरडया

"गुडघे कसे आहेत?"

दौंडला खोली भाड्यानं घ्यायला गेले तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी नुकतीच कुरकुंभच्या एका औषधाच्या कंपनीत, लॅबमध्ये चिकटले होते. चार दिवस खोल्या हिंडून घरमालकांचे सगळे प्रश्न पाठ झाले होते. लग्न ठरलंय का, मटण-मासे करता का, रात्री यायला उशीर होतो का, मैत्रिणी फार येतात का. गुडघ्यांची चौकशी मात्र कुणी केली नव्हती. मी म्हटलं, "बरे आहेत की." तर म्हणाले, "बसा आन् उठा बघू." आणि मी, एमएस्सी केमिस्ट्री, सख्ख्या आईच्या देखत, परक्या माणसाच्या अंगणात उठाबशा काढल्या. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"चालतंय," ते खूश होऊन म्हणाले. "खोली तुमची. आता तुमची खालची जागा दाखवतो, वरची मग बघा."

खालची जागा म्हणजे खंदक. युद्धात विमानं आली, बाँब पडायला लागले, तर लपायला.

हसू नका. मी तेव्हा हसले आणि ते मला पुढं वर्षभर ऐकावं लागलं. अंगणाच्या मधोमध एक चौथरा होता, कमरेएवढा उंच, वरून गुळगुळीत कोबा केलेला. बाजूला लोखंडी दार. दार उघडलं की पायऱ्या, आणि खाली समोरासमोर सिमेंटचे दोन लांबलचक बाक. छताला रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरा, त्यावर स्लॅब. हवा यायला कोपऱ्यात एक जाड लोखंडी पाइप, वर चौथऱ्याच्या बाहेर तोंड काढलेला. कोनाड्यात टॉर्च, पाण्याचा माठ, कानात घालायला कापसाचे बोळे आणि बिस्किटांचे पुडे. बाकावर पांढऱ्या ऑइलपेंटनं प्रत्येक खोलीचा नंबर घातलेला. माझा तीन. सिनेमाच्या थेटरासारखी आपापली जागा.

आम्ही भाडेकरू त्यांना आबा म्हणायचो. रेल्वेत नोकरी झाली होती. गाडी फलाटाला लागली की एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर ठोकत जायचा, आठवतो? ते आमचे आबा. चाक नीट असलं तर खणखणीत वाजतं, तडा असला तर बद्द वाजतं, एवढ्या एका ज्ञानावर माणसानं सगळी नोकरी काढली आणि रिटायर झाल्यावर तेच ज्ञान सगळ्या जगाला लावलं. भिंत दिसली की ठोक, पातेलं दिसलं की ठोक. माझा कुकर ठोकून म्हणाले, "खणखणीत." टीव्हीवर कुणी पुढारी तावातावानं बोलायला लागला की टीव्हीच्या काचेवर बोट वाजवून म्हणायचे, "बद्द."

चाकं कशी ओळखली असतील देव जाणे, पण कलिंगड त्यांना कधीच ओळखता आलं नाही. उन्हाळाभर एवढं ठोकठोक करून आणायचे आणि आतून काकडीसारखं पांढरं निघायचं. मला बघायला एक पाहुणे आले होते, तेव्हा आबा हळूच बाहेर जाऊन त्यांच्या गाडीचं बॉनेट वाजवून आले आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात म्हणाले, "खणखणीत हाय. हो म्हण." गाडी मुलाच्या मावसभावाची होती. मुलगा कसा होता ते बोलण्यात अर्थ नाही.

मी शिरूरची. आबांच्या लेखी हा माझा मोठा दोष होता. "वैरी काय शिरूरवर बाँब टाकणार हाय व्हय?" ते विचारायचे. "हाय काय शिरूरला? दौंड म्हंजी जंक्शन! दौंड तोडलं की मनमाडाकडचं बंद, सोलापूरकडचं बंद. मी वैरी असतो ना, पयला बाँब दौंडवर टाकला असता." हे सांगताना छाती अशी फुगायची की वैऱ्यानं दौंडचा सत्कारच केलाय. शिरूरच्या माणसाला बाँबसुद्धा मिळू नये, याचं मला खरंच वाईट वाटायला लागलं होतं. पुण्याकडची लढाऊ विमानं सरावाला डोक्यावरून गेली की आबा अंगणात येऊन कपाळावर हात धरून बघायचे, आणि "आपलंच हाय" म्हणून थोडे नाराज होऊन आत जायचे.

दर रविवारी सकाळी सराव. आबा शिट्टी वाजवायचे आणि घरात असतील तेवढ्या सगळ्यांनी हातातलं टाकून खंदकात जायचं. एक नंबरच्या खोलीतले सलीमभाई आणि त्यांची बायको, दोन नंबरचा राजेश, तीनला मी. सलीमभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं, खंदकाचं दार त्यांनीच केलेलं. राजेश उत्तर प्रदेशातून आलेला, माझ्यासारखाच कुरकुंभला कामाला, शिफ्ट करून आलेला असला की बाकावर बसल्या बसल्या झोपायचा. आबा स्वतः दारातल्या पायरीवर उभे. सगळे बसले की ते एकाहत्तरची गोष्ट सांगायचे. लढाई चालू, आबा सोळा वर्षांचे, रेल्वे कॉलनीत खंदक खणलेले, खिडक्यांना काळे कागद, आणि एक दिवस खरोखरीचा भोंगा. शेवटचं वाक्य ठरलेलं. "सगळी आत बसलो. एक माणूस भाईर ऱ्हायला न्हाई." मग परत शिट्टी आणि सगळे आपापल्या पोह्यांकडं.

यात मी एक घोळ घातला. मी त्यांना सांगितलं, "आबा, आमच्या कुरकुंभला गॅस गळाला ना, तर ह्या खड्ड्यात मुळीच उतरायचं नाही. जड गॅस असला तर तो खालीच येऊन बसतो." आबा दोन दिवस उदास होते. तिसऱ्या दिवशी नवा नियम आला. लांब शिट्टी म्हणजे विमान, सगळ्यांनी खाली. तुटक शिट्ट्या म्हणजे गॅस, सगळ्यांनी ओला टॉवेल नाकाला लावून गच्चीवर. तेव्हापासून रविवारी आम्ही आधी खाली आणि मग वर जायला लागलो. राजेश मला म्हणाला, "दीदी, आपने बोला ही क्यों?"

आता मावशी. मावशी म्हणजे आबांची बायको, आणि त्या घरातलं एकमेव माणूस, जे खंदकात कधी उतरलं नाही.

त्यांचं माहेर शिरूरकडचं, म्हणून मी त्यांची लाडकी. गोष्ट त्यांनीच मला सांगितली. घर नवं होतं तेव्हा अंगणातल्या त्या जागेवर मावशींना पिठाची गिरणी टाकायची होती. भाऊ मशीन द्यायला तयार, पत्रे ठरलेले. मावशी चार दिवस माहेरी गेल्या. "आले तं गिरणीच्या जागी ह्यो एवढा खड्डा! आन् हे आत हुबे राहून वर बघून मला म्हणत्यात, ये की खाली. म्हणलं, मरंन पण त्यात पाय ठेवणार न्हाई." आणि ठेवला नाही. पोरी सासरी गेल्या, नातवंडं खंदकात लपाछपी खेळून मोठी झाली, पण मावशी नाही म्हणजे नाही. छतावर मात्र त्यांचा हक्क. चौथऱ्यावर दिवसभर ऊन, म्हणून पापड, सांडगे, कुरडया सगळं तिथंच वाळायचं. "वर जाते," त्या म्हणायच्या, "आत न्हाई जाणार."

खाली पाइपच्या बरोबर खाली, जिथं हवा सगळ्यात चांगली लागते, तिथं एका जागेवर नंबर नव्हता. तिथं बाकाला पाठ टेकायला एका जुन्या खुर्चीची पाठ सिमेंटमध्ये बसवलेली, आणि वर धुतलेली चादर घडी करून ठेवलेली. ती मावशींची जागा. दर रविवारी आबा चादर झटकायचे आणि परत घालायचे. कुणी चुकून तिकडं सरकलं तर असे डोळे वटारायचे की माणूस उभाच राहायचा. मला एकदा म्हणाले, "पोरी, सारं दौंड आत बसलं काय आन् न बसलं काय. ही एकदा बसली पायजे. माझं बाकी काय मागणं न्हाई." मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं.

आणि मग एका मे महिन्यात सीमेवरचं वातावरण खरोखरच तापलं. टीव्हीवर दिवसरात्र तेच. आबा दहा वर्षांनी तरुण झाले. जी गल्ली इतकी वर्षं हसत होती, ती आता अंगणात येऊन खंदकाकडं बघायला लागली. "आबा, आमचं दोघांचं बघा की आत," म्हणून शेजारीपाजारी वशिले लावायला लागले. आबा तोंडावर गंभीर, पण चालीत तेल घातल्यासारखा फरक पडला होता. रात्री जेवताना मावशींची मनधरणी चालायची ती आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू यायची.

"गिरणी घालून देतो."

"आता? आता दारोदार गिरण्या झाल्या."

"अगं, लढाई लागायची वेळ आलीय."

"लागू द्या. तीन दिस गहू भिजवलाय माझा. तो काय थांबतोय व्हय लढाईसाठी?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मावशींनी कुरडयांचा घाट घातलाच. मला दोन दिवसांची सुट्टी होती, म्हणून चीक ढवळायला मला धरलं. हात भरून आले, पण गरम चिकात दूध-साखर घालून वाटीभर खायला मिळालं, तेव्हा माझी तक्रार नव्हती. ऊन चढेपर्यंत सगळा चौथरा पांढऱ्याशुभ्र कुरडयांनी भरून गेला आणि मावशी कडेला काठी घेऊन कावळे हाकत बसल्या.

सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप येऊन पडला होता की उद्या दुपारी सरावाचा भोंगा वाजेल, घाबरू नका. उद्या. आणि आज, भर उन्हात, भोंगा वाजला.

नवा बसवलेला भोंगा कुणीतरी वाजवून बघितला होता म्हणे. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या दहा मिनिटांत आम्हाला काय माहीत? असला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. आणि मग आमच्या घरात जे झालं ते फक्त आमच्याच घरात होऊ शकतं. आबांची शिट्टी ऐकून खाली का वर ते ठरायचं. आबांनी शिट्टी तोंडाला लावली, पण तोंडाला अशी कोरड पडलेली की नुसती फुसफुस. लांबही नाही आणि तुटकही नाही. सलीमभाई बायकोला ओढत खंदकात. राजेश ओला टॉवेल नाकाला लावून गच्चीवर. आणि मी? कंपनीत शिकवलंय, भोंगा झाला की इमारतीतून बाहेर पडा, मोकळ्या जागेत उभे राहा आणि वारा कुठून येतोय ते बघा. मी थेट रस्त्यावर! मधोमध उभी राहून वारं बघतीय. समोरच्या दोरीवर कुणाचा तरी लेंगा वाळत होता, तो कुणीकडं फडफडतोय त्यावरून मी दिशा ठरवत होते.

"अगं ए पोरी!" आबा ओरडले. "बाँब काय वाऱ्यावर येतोय व्हय! आत हो!" आणि गच्चीकडं बघून, "ए राजेश! नीचे आ! उप्पर से गिरेगा तो पहिला तूच!"

आम्ही धडपडत खाली. शेजारचे चार-सहा जण आमच्या मागून घुसले. नंबरबिंबर गेले उडत, दाटीवाटीनं बसलो. मावशींच्या जागेवर मात्र त्याही गर्दीत कुणी बसलं नाही, हे मला आता आठवलं की नवल वाटतं. आबा पायरीवर उभे राहून मोजत होते. मोजून झालं आणि ते वर वळून म्हणाले, "ये."

मावशी जागच्या हलल्या नव्हत्या. हातात काठी. "मी न्हाई. कावळे टपल्यात."

आबा पायरीवरून वर चढले. मग त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.

आत मिट्ट काळोख. टॉर्च कुणाच्या तरी खाली दबलेला. सलीमभाईंची बायको तोंडातल्या तोंडात दुआ म्हणत होती. आणि मग पाइपमधून वरचं बोलणं ऐकू यायला लागलं. अगदी शेजारी बसून बोलावं तसं. दोघं पाइपच्या तोंडाशीच बसले असणार.

"तुम्ही कशाला हितं? खाली जावा की."

"तू चल मग."

"न्हाई म्हणले ना."

"मग मीबी न्हाई."

खट्ट करून काहीतरी उघडल्याचा आवाज आला. छत्री. हो, छत्री! बाँब पडणार म्हणून ज्या माणसानं एवढा खंदक खणला, तो बायकोच्या डोक्यावर छत्री धरून त्याच खंदकाच्या टपावर बसला होता.

"आन् एवढा खड्डा खणला तो कशाला मग?" मावशी म्हणाल्या. "माझी गिरणी घालवली ती?"

मग आबांचा आवाज आला, पण तो नेहमीचा नव्हता.

"एकाहत्तरला आई भाईर व्हती."

"कोण, सासूबाई? तुम्ही तं सांगता, सगळी आत व्हती."

"सगळी व्हती. कॉलनीतली पोरं, म्हातारी, सगळी कोंबून बसली. आईची पाळी आली तवा जागाच न्हाई उरली. ती वरच बसली, काठावर. मला आतनं तिचे पाय दिसत व्हते नुसते. सोळा वर्साचा घोडा मी. उठून म्हणलो न्हाई, आई तू ये, मी भाईर बसतो. लई भ्यालो व्हतो गं."

"अन् मग?"

"काय न्हाई. काय पडलं न्हाई त्या दिवशी. उलट आईनंच मला हाताला धरून भाईर काढलं. ती कवा एका शब्दानं बोलली न्हाई. पण पाय दिसत व्हते."

"आवं, इतक्या वर्सांत मला कवा बोलला न्हाई."

"काय बोलायचं त्यात?"

राजेशनं अंधारात विचारलं, "क्या बोल रहे हैं?" सलीमभाई म्हणाले, "चुप बैठ. माँ की बात कर रहे हैं." मी तोंडावर ओढणी धरून रडत होते, सरळच सांगते. भीतीनं नाही. भीती कधीच गेली होती.

मग मावशींचा आवाज, थोडा घोगरा. "छत्री जरा अशी धरा. कुरडयांवर सावली पडतीय."

थोड्या वेळानं भोंगा थांबला आणि मोबाइल वाजायला लागले, की चाचणी होती, चाचणी होती. आम्ही बाहेर आलो तर दोघं तशीच बसलेली, आबांची एक बाजू उन्हानं लालबुंद. मावशी आम्हाला म्हणाल्या, "बघत काय बसलाय? उलटायला लागा कुरडया."

दुसऱ्या दिवशी खरा सराव होता. जेवणं झाल्यावर मावशींनी अजून पुरत्या न वाळलेल्या कुरडया गोळा केल्या, पाटीत भरल्या आणि पाटी घरात नेऊन ठेवली. आबा बघत होते, विचारायची मात्र त्यांची छाती होत नव्हती. भोंगा झाला. आज शिट्टी नीट वाजली, लांबलचक. आम्ही खाली जाऊन आपापल्या नंबरावर बसलो. आणि दारातला उजेड अडला. मावशी एका हातानं भिंत आणि दुसऱ्या हातानं आबांचा खांदा धरून पायऱ्या उतरत होत्या. गुडघ्यांनी कुरकुर केली असणार, पण त्या उतरत राहिल्या.

त्यांनी खाली येऊन आधी चहूकडं बघितलं. कोनाडा बघितला, माठाचं झाकण उचलून आत बघितलं. मग भिंतीपाशी गेल्या आणि बोटाच्या पेरानं ठोकलं. एकदा, परत एकदा, अजून जरा खाली. आबा पायरीवर परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखे उभे.

"खणखणीत हाय," मावशी म्हणाल्या.

आबांनी मान खाली घातली. मावशी आपल्या जागेवर जाऊन टेकल्या, चादर सारखी केली, पाठ टेकून बघितली. मग त्यांची नजर बाकावरच्या पांढऱ्या आकड्यांवरून फिरत गेली. एक, दोन, तीन. परत फिरून आली.

"अहो, आन् तुमची कुठली?"

आम्ही सगळ्यांनी बघितलं. इतके रविवार आम्ही तिथं बसलो होतो, पण हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सगळ्यांच्या जागा होत्या. आबांची नव्हती. त्यांनी केलीच नव्हती.

"मी हुबा असतो की हितं," आबा म्हणाले. "मला कशाला जागा?"

मावशी खुर्चीच्या पाठीपासून बाजूला झाल्या, चादर ओढली आणि भिंतीला चिकटेपर्यंत सरकल्या. मग मोकळ्या झालेल्या जागेवर हातानं थोपटलं.

"बसा."

आबा बसले. त्या जागेत दोन माणसं मावत नव्हती, तरी बसले. वर भोंगा थांबला. भोंगा थांबला की शिट्टी वाजवून सगळ्यांना बाहेर सोडायचं, असा आबांचाच नियम होता. शिट्टी त्यांच्या गळ्यात लटकत होती. ती त्यांनी वाजवली नाही, आणि आमच्यातलंही कुणी उठलं नाही.